कानपिळीला भाऊ हवा

ड्रेस्डेन, २ ऑक्टोबर

ताई,

आणि ती आपली माणसं आहेत हे मला परत ऐकवू नकोस. आपली माणसं! बाबांचे चुलत-चुलत भाऊ, पस्तीस वर्षं गेर्लिंगेनला राहून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. मी जर्मनीत येऊन चौदा महिने झाले. त्यात उल्हासकाकांचा एक फोन, गणपतीत. काय विचारलं, तर "तिकडे तांदळाची पिठी कुठली वापरता रे?" मी जेवलो का, कुठे झोपतो, थंडीला जाकीट आहे का, नाही. पिठी!

आणि आता एकदम वासंतीकाकूंचा गोड गळा. "सिद्धेश, आपल्या शिवांगीचं लग्न एकोणीसला, तू दोन दिवस आधीच ये हं." ताई, पाहुण्याला लग्नाच्या दिवशी बोलावतात. दोन दिवस आधी आचाऱ्याला बोलावतात. त्यांना कळलंय की मी हॉटेलच्या किचनमध्ये आहे. झालं. फुकटचा हात मिळाला.

शिवाय चातुर्मासात लग्न. मी काकूंना विचारलं, मुहूर्त कुणी काढला? म्हणाल्या, "अरे हॉल त्याच शनिवारी मिळाला." म्हणजे इथे पंचांग हॉलवाल्याच्या भिंतीवर असतं.

तुझ्या लग्नाचं मी फोनवर सांगितलं ते सांगितलं. डिसेंबरात इथे नाताळच्या पार्ट्या असतात, मालक रजा देत नाही. संपला विषय. फोन मी मध्येच ठेवतो म्हणून तू पत्राचा नियम काढलास ना, मग हे घे पत्र. कागदावर लिहून फोटो पाठवतोय. मोबाइलवर मराठी टाइप करायला बसलो तर माझे पाव किलो कांदे जळतात.

सिद्धेश

---

लांजा, ४ ऑक्टोबर

सिद्ध्या,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. टोमणे गाळले, त्यामुळे फार लवकर संपलं.

गेर्लिंगेनला तू जायचं आहेस. बाबा गेले तेव्हा वासंतीकाकूंनी तेरा दिवस रोज फोन केला होता. तुला आठवणार नाही, कारण तू तेव्हा दिवसभर एसटी स्टँडवर बसलेला असायचास. काकांना बोलायला जमत नाही, म्हणून ते पिठीचं विचारतात. प्रत्येकाला तुझ्यासारखी जीभ मिळत नाही मेल्या.

माझं म्हणशील तर आठ डिसेंबर पक्की. तुला रजा नाही तर नाही. मी रडत बसलेली नाही. होमाच्या वेळी माझ्या ओंजळीत लाह्या घालायला आणि जयंतचा कान पिळायला मामाचा आत्माराम उभा राहील. कान पिळून "माझ्या बहिणीला नीट सांभाळा" असं दटावायचं आणि नवऱ्याकडून आहेर घ्यायचा. दोन मिनिटांचं काम, कोणीही करेल. आत्माराम आत्तापासून विचारतोय, कानपिळीला घड्याळ मिळणार की फोन.

बाहुला-बाहुलीच्या लग्नात तू माझ्या बाहुल्याचा कान पिळता पिळता उपटून हातात दिला होतास. तेव्हा आत्माराम बरा.

आई म्हणते, जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस.

ताई

---

ड्रेस्डेन, ६ ऑक्टोबर

ताई,

आत्माराम! ज्याला स्वतःचे कान धुवायला मामी सांगते, तो!

पिळू दे. मला काय त्याचं. नाहीतरी तू शोधून शोधून गणिताचा मास्तर शोधलास. तीन वेळा दहावीला बसलो, तिन्ही वेळा गणितात गेलो. सगळ्या वर्षांत मिळून माझा डावा कान उजव्यापेक्षा बोटभर लांब झालाय तो गणिताच्या मास्तरांमुळेच. आता त्यातल्याच एकाला मी जयंतराव म्हणू आणि त्यांच्या प्राध्यापक वडिलांच्या शेजारी पंगतीला बसू? काय बोलू त्यांच्याशी? कांद्याचा भाव?

जातोय गेर्लिंगेनला. आईसाठी. काका फास्ट ट्रेनचं तिकीट काढून देत होते, मी नको म्हटलं. माझ्या पासावर साध्या गाड्यांनी जाईन. चार गाड्या आणि अकरा तास, पण कुणाच्या उपकाराखाली नाही. हात रिकामे नसतील, मसाला कुटून नेतोय. म्हणजे ते तो चाखून आणखी कामाला लावतील.

सिद्धेश

---

गेर्लिंगेन, १८ ऑक्टोबर, शुक्रवार

ताई,

घे, आता ऐक आपल्या माणसांचा एक दिवस.

फ्रिजवर लोहचुंबकाने कागद लावलाय. छापील, तीन रंगांत. निळ्यात काका, लालमध्ये काकू, हिरव्यात "इतर". इतर म्हणजे कोण ते तुला कळलंच असेल. ६.४० नारळ फोडणे. ६.५५ पाणी गाळणे. ७.१० केळीची पानं पुसणे. पुढे अशा एकतीस ओळी. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी काकांनी कारखाना सोडलेला नाही. तो फक्त घरी आणलाय. गळ्यात चष्मा, हातात पेन्सिल, झालेल्या कामावर बरोबरची खूण.

आठ वाजता म्हणतात, "वासंती, आपण अकरा मिनिटं मागे आहोत."

काकू म्हणाल्या, "अहो, मग तुम्ही व्हा पुढे. मी येते मागून."

काका तेही कागदावर लिहितात की काय असं मला वाटलं.

उद्याच्या जेवणासाठी दोनशे ओल्या नारळाच्या करंज्या. त्याला नारळ चाळीस. मिक्सर घरघरत होता, निम्मे झाले, आणि एक वाजला. काकांनी सटकन बटण बंद केलं, जसा काय बाँबच ठेवलाय. इथे दुपारी एक ते तीन आवाज करायचा नाही. वरच्या मजल्यावर फ्राउ क्नाप नावाची ऐंशी वर्षांची बाई कान लावून बसते म्हणे, आणि तिच्याकडून चिठ्ठी येते. म्हणजे पस्तीस वर्षं राहिले, घर विकत घेतलं, टॅक्स भरला आणि अजून म्हातारीच्या वामकुक्षीला घाबरतात!

मग काकूंनी कपाटाखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेली विळी काढली. राजापूरची, त्यांच्या लग्नातली. आणि दोघं उभी राहिली, त्या विळीकडे बघत. मग माझ्याकडे. बसलो मी. वीस नारळ खवले, ताई, त्या चकचकीत किचनमध्ये फरशीवर फतकल मारून. कुणाचीही चिठ्ठी आली नाही. काका घड्याळ धरून बाजूला उभे. म्हणतात, "एका वाटीला चाळीस सेकंद! आल्झो, म्हणजे मिक्सरपेक्षा फार मागे नाही." जसा काय मी पण एक मशीनच.

सांगितलं होतं ना मी तुला.

शिवांगी दुपारी आली. आई मराठीत विचारते, मुलगी जर्मनमध्ये उत्तर देते आणि दोघींचं भांडण व्यवस्थित चालतं. माझ्याशीही जर्मनच. मी म्हटलं, मला कांदे-बटाट्यांपुरतं येतं, पुढचं नाही. हसली. तिचा होणारा नवरा लुकास, सुतार आहे. हो, सुतार! दोन मीटर उंच, हाताला फेविकॉलसारखं काहीतरी चिकटलेलं. एवढी शिकलेली मुलगी, आणि काकांच्या कपाळावर आठी नाही. मला कळेना. इथल्या सुताराला किंमत असेल, आपल्याला नाही.

तीनला शांतता संपली आणि इथल्या मराठी मंडळाचे लोक घुसले. तीस जण! काकू त्याला "फक्त चहाला" म्हणतात. प्रत्येक बाई रुखवताचं एकेक काहीतरी घेऊन. एकीने साखरेची मोटार केली होती, चाकं मारी बिस्किटांची. एकीने डाळीच्या पिठाचा टीव्ही टॉवर. तो वाटेतच वाकलाय, त्याला टूथपिकचे टेकू. आणि सगळ्यांचं एकच: गाडी कुठे लावली, शाळेचे मार्क, आणि कुणाला नागरिकत्व मिळालं.

एक ऊर्मिलाताई माझ्याजवळ आल्या. "ड्रेस्डेनला? युनिव्हर्सिटीत की कॉम्प्युटर चिप्सच्या प्लांटमध्ये?"

मी म्हटलं, "कांद्यात पीएचडी करतोय."

तर त्या मान डोलावून म्हणतात, "वा! फूड टेक्नॉलॉजी. खूप स्कोप आहे."

मी पुढे बोलणार तेवढ्यात काका मागून आले, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मोठ्याने म्हणाले, "हा आमचा सिद्धेश. शिवांगीचा भाऊ." बस. पुढे काही नाही. दिवसभर मिनिटामिनिटाचा हिशेब सांगणारा माणूस, पण मी काय करतो तेवढं गिळून टाकलं. लाज वाटली असणार. चार माणसांत कोण सांगेल, आमचा पुतण्या कांदे सोलतो.

सहा वाजता ती दोघं हॉल बघायला. मला नेलंच, खुर्च्या उचलायला. हॉलचा हाउसमाइस्टर, म्हणजे देखरेख करणारा, म्हणाला, आत आग पेटवायची नाही, धुराचा अलार्म आहे. काकांनी त्याला पाऊण तास अग्नीचं महत्त्व समजावलं. तो "या, या", म्हणजे हो हो, म्हणत राहिला आणि शेवटी नाहीच म्हणाला. आता होम बाहेर होणार, सायकली लावायच्या जागेत. सप्तपदी दोन सायकलींच्या मधून. वाह!

आणि वर हे बघ. माझ्या खाटेवर एक कुडता ठेवलाय. मोतिया रंगाचा, नवा कोरा, नेमका माझ्या मापाचा. वाढपी लोकांना सारखे कपडे देतात ना, तसला. मी घालणार नाही. मी एप्रन आणलाय माझा.

सिद्धेश

---

लांजा, १९ ऑक्टोबर, सकाळ

सिद्ध्या,

कुडता घाल. बाकी काही बोलत नाही.

ताई

---

परतीच्या गाडीत, २० ऑक्टोबर

ताई,

तू माझी बहीण आहेस की सीआयडी?

तुझा निरोप मी वाचला आणि मुद्दाम नाही घातला कुडता. एप्रन बांधून हॉलच्या किचनमध्ये करंज्या तळत होतो. पहिला घाणा काकूंच्या मैत्रिणींनी केला होता, सगळ्या फुटलेल्या. मी म्हटलं सरका. बाहेर भटजी म्हणून कोण, तर हायडेलबर्गला पीएचडी करणारा गौरांग. सोवळं नेसून टॅब्लेटवरून मंत्र म्हणतोय. मधेच स्क्रीन बंद पडली की देवही थांबतात. त्याच्या बाजूला तो हाउसमाइस्टर, हातात आग विझवायची लाल टाकी घेऊन, लग्नातला मुख्य पाहुणा असल्यासारखा.

तर गौरांग ओरडतो, "वधूचा भाऊ कुठे आहे?"

मी आतून म्हटलं, आता हे आणखी कुणाला शोधतायत. तेवढ्यात काकू धावत किचनमध्ये. नऊवारीचा काष्टा सावरत. "अरे, कुडता कुठाय तुझा?"

म्हटलं, "वाढताना खराब झाला असता."

"वाढताना?" त्या म्हणाल्या. मग झारा काढून घेतला हातातून आणि मनगटाला धरून ओढत नेलं. एप्रनसकट. हाताला तेलाचा वास. एवढ्या लोकांत, सायकलींच्या मधे, मी उभा. शिवांगीने ओंजळ पुढे केली. माझ्या हातात लाह्यांचं सूप दिलं. मी लाह्या घातल्या. लाह्या किती हलक्या असतात, तरी सांडत होत्या.

मग कान. लुकास दोन मीटर, माझा हात पोचेना. तो गुडघ्यावर बसला आपण होऊन. मी कान धरला. मला वाटलं होतं मी हसेन. पण मला राग आला, कशाचा ते सांगता येत नाही. असा पिळला की लाल झाला. तो बिचारा ओरडायचं असतं हे माहीतच नसलेला. कान माझ्या हातात, आणि मला विचारतो, "गूट सो?" बरोबर होतंय का म्हणून!

आणि शिवांगी, दोन दिवस माझ्याशी एक शब्द मराठी न बोललेली, खाली बघून हळूच म्हणाली, "दादा, अजून जोरात."

सगळे हसले. मी पण हसलो बहुतेक. ते वाक्य असतं ना, माझ्या बहिणीला सांभाळ वगैरे, ते माझ्या तोंडून नीट आलंच नाही. काकांनी जर्मनमध्ये सांगितलं त्याला, लांबलचक. लुकासने खिशातून पाकीट काढलं. आत एकशे एक युरो. वरचा एक नाण्यात, चिकटपट्टीने चिकटवलेला. सुतारच तो.

नंतर डबे भरताना काकूंनी सांगितलं. की तू त्यांना पत्र लिहिलंस. "माझ्या लग्नात तो नाही, निदान शिवांगीच्या लग्नात त्याला भाऊ म्हणून उभं करा, पण आधी सांगू नका, नाहीतर यायचा नाही." मापही तूच कळवलंस! लाज नाही वाटली? माझी दया येऊन लोकांकडे भाऊपण मागून आणलंस, जसं शेजारून विरजण आणतात!

मला तुझ्याशी बोलायचं नाही. पुढचं पत्र मी लिहिणार नाही.

सिद्धेश

---

लांजा, २४ ऑक्टोबर

सिद्ध्या,

नको लिहूस. वाच तरी.

मागून आणलं असं तुला वाटतं. काकूंचं मला उलट टपाली उत्तर आलं होतं, ते तुला पाठवते: "अगं, मी विचारणारच होते तुला. शिवांगीला भाऊ नाही. मंडळात एकजण तयार होता, पण ती म्हणाली, कुणीतरी नको, आपला हवा." हे "आपला" तिने कुठल्या भाषेत म्हटलं ते मला माहीत नाही.

आणखी एक, काकूंकडून कळलेलं. विळीवर काकू स्वतः बसायला निघाल्या होत्या, गुडघे दुखत असताना. "उठा, तुम्हाला जमायचं नाही," असं तू म्हणालास. करंज्यांना सरका तू म्हणालास. तुला कुणी आचारी केलं नाही रे. तूच एप्रन घेऊन गेलास. माणसांत उभं राहायचं म्हटलं की तू काहीतरी हातात घेतोस, बाबांच्या तेराव्यालाही तू दिवसभर पाणीच भरत होतास.

आणि आता ज्यासाठी लिहिते आहे ते. काकूंनी डबे भरताना तुला विचारलं, माझ्या लग्नाची रजा मिळाली का. तू म्हणालास, "अजून विचारली नाही." मला दोन महिने सांगतोयस, मालक देत नाही.

मला वाईट नाही वाटलं. राग आला. मग रात्रभर विचार केला की का, आणि तुझं सहा तारखेचं पत्र परत वाचलं. पंगतीला काय बोलू, असं लिहिलंस ना.

तर ऐक. जयंत बघायला आला त्या पहिल्या दिवशीच मी त्याच्या वडिलांसमोर सांगितलं, भाऊ दहावी नापास आहे आणि जर्मनीत कांदे सोलतो. आईने मला टेबलाखालून चिमटा काढला, अजून वळ आहे. प्राध्यापक काय म्हणाले माहीत आहे? "आम्हाला नातेवाईक पाहिजेत, दाखले नकोत." मग जयंतने विचारलं, दिवसाला किती किलो? मी म्हटलं, तो आला की त्यालाच विचारा.

कोणीही करेल असं मी लिहिलं होतं ते खोटं होतं. आत्मारामला मी अजून हो म्हटलेलं नाही.

ताई

---

ड्रेस्डेन, ३ नोव्हेंबर

ताई,

दहा दिवस उत्तर दिलं नाही कारण देणार नव्हतो.

मालकाला विचारलं. एक नंबरचा कंजूस माणूस. दिवाळीच्या दिवशीही कोथिंबिरीच्या काड्या फेकू देत नाही. मी म्हटलं, बहिणीचं लग्न आहे. म्हणाला, डिसेंबरात? वेडा आहेस का? मी म्हटलं, कान पिळायला भाऊ लागतो. त्याला कळलं नाही. मग मी त्याला करून दाखवलं, त्याच्याच कानावर. जोरात नाही. पण बरं वाटलं. चार दिवसांची दिली, बिनपगारी, वर आठवडाभर भांडी एकट्याने. शुक्रवारी निघतो, शनिवारी मुंबई, रात्रीच्या गाडीने रविवारी सकाळी लांजा. सोमवारी परत. म्हणजे तुमच्या त्या हळदी, मेंदी, घाणा भरणं, काही नाही बघणार. तेवढंच सुख.

तिकीट काढायला गेलो तर उल्हासकाकांचा फोन. म्हणाले, तू थांब, मी बघतो. आणि पाठवला एक कागद. तीन रंगांत. ड्रेस्डेन ते लांजा, एकतीस ओळी. कुठल्या फलाटावर किती मिनिटं, मुंबईत चहा कुठे, आणि शेवटची ओळ हिरव्यात: "११.५२ कान पिळणे (सिद्धेश)." इतर नाही लिहिलं या वेळी. माणूस वेडाच आहे. मी विचारलं, काका, त्या दिवशी ऊर्मिलाताईंना तुम्ही माझं काम का नाही सांगितलं? म्हणाले, "अरे, ती पुढे दीड तास फूड टेक्नॉलॉजी बोलली असती. आपण बावीस मिनिटं मागे होतो." आणि वर, "पिठी कुठली वापरता, ते तू सांगितलंच नाहीस तेव्हा."

सांगितली.

जयंतरावांना कळव, दिवसाला तीस किलो. शनिवारी पंचेचाळीस. हे गणित मला तोंडपाठ आहे, बाकी कुठलंही विचारायचं नाही. त्यांना म्हणावं, कानाला आधीपासून तेल लावून ठेवा. एवढी वर्षं तुमच्या जातभाईंनी माझा पिळला, आता माझी पाळी आहे, आणि मी लुकासवर सराव करून आलोय. आत्मारामला सांग, घड्याळ स्वतःच्या पैशाने घे.

येताना कुडता आणतोय. काकूंनी डब्यांच्या पिशवीत तळाशी घालून दिला होता, मला गाडीत सापडला. त्यावर करंजीचं तूप सांडलंय. एप्रन आणत नाही.

भावाकडची साडी नवरीने होमाला नेसायची असते असं आई म्हणायची. मला साडीतलं काही कळत नाही, तूच घे, आणि मळखाऊ रंग घेऊ नकोस तुझ्या सवयीने. लुकासच्या कानाचे एकशे एक, ते मी मोडले नव्हते. त्यात माझे दीडशे. आज पाठवतोय, दोनशे एक्कावन्न युरो.

सिद्धेश